घरत सर आणि पंपावरचा बोर्ड

आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत एक छोटा फळा आहे. त्यावर रोज सुविचार लिहायचा असा नियम आहे आणि तो लिहिण्याचं काम, मी मराठीची शिक्षिका म्हणून, माझ्याकडे आलेलं आहे. पण माझा सुविचार कधी फळ्याच्या मधोमध बसला नाही. कारण वरच्या उजव्या कोपऱ्यात घरत सरांचा आकडा आधीच येऊन बसलेला असायचा. डिझेलचा लिटरचा दर, दशांश चिन्हासकट. खाली बारीक अक्षरात पेट्रोलचा.

घरत सर भूगोल शिकवायचे. राहणारे गव्हाणचे. तिथून रोज बसने पनवेलला यायचे आणि शाळेच्या आधीच्या थांब्यावर उतरायचे, का तर तिथे पेट्रोलपंप होता. पंपावरचा बोर्ड वाचायचा, आकडा मनात धरायचा आणि उरलेलं अंतर चालत यायचं. गंमत म्हणजे या माणसाकडे साधी लुनासुद्धा नव्हती. पंपावरची पोरं त्यांना ओळखून होती. एकदा एकाने विचारलं, "सर, रोज येता, काय भरू तरी?" तर म्हणाले, "तू हवा भर रे, मी आकडा भरतो."

दर रोज सकाळी सहाला बदलतो अशी पद्धत आहे खरी. पण मधल्या काळात असं झालं की महिनोन्महिने तोच आकडा. तरी सर रोज तो पुसायचे आणि तोच परत लिहायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, तोच आहे ना, मग खडू कशाला झिजवता?" सर म्हणाले, "बाई, तो जागेवर आहे ही बातमीच आहे. बाहेर जगात तेल खालीवर होतंय आणि आपला आकडा हलत नाही, म्हणजे मध्ये कुणीतरी दोरी धरून ठेवलीय. कोण ते मला रोज विचारायला पाहिजे." मला तेव्हा हे सगळं रिकामपणाचं वाटलं होतं. पुढे याच दोरीने त्यांना तोंडावर पाडलं, ते मी सांगणारच आहे.

उंची बेताची, रंग उन्हात रापलेला, पांढऱ्या शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे. त्यामुळे खिशाचा तळ कायम मळलेला. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. डबा उघडला की आमच्या खोलीतली निम्मी मंडळी खिडकीशी जायची आणि निम्मी डब्याशी यायची. वर्गात बोलणं स्वच्छ, पुस्तकी. पण चिडले किंवा मनापासून बोलले की गव्हाण बाहेर यायचं. "नाय" ऐकू आलं की मुलं समजायची, आता थट्टा नाही.

त्यांचा वर्ग म्हणजे भिंतभर जगाचा नकाशा आणि त्याला टाचण्या. पनवेलच्या कितीतरी घरांतली मुलं आखातात, बोटीवर, अमेरिकेत. सरांच्या माजी विद्यार्थ्यांनी जिथे जातील तिथून त्यांना एकच भेट पाठवायची: गावातल्या पंपाच्या बोर्डाचा फोटो. अत्तर नको, चॉकलेट नको. कुवेतहून यायचा, नॉर्वेहून यायचा, जपानहून यायचा. सर तो मोबाइलमध्ये मोठा करून बघायचे आणि टाचणीखाली चिठ्ठी बदलायचे.

एकदा अमेरिकेतून असाच फोटो आला. आमचे पीटीचे सोनावणे सर उत्साही. त्यांनी डॉलरचे रुपये केले आणि खोलीत जाहीर केलं की बघा, अमेरिकेत पेट्रोल आपल्या तिपटीने महाग, उगाच लोक आपल्या देशाला नावं ठेवतात. घरत सर उठले. खोलीतल्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या, तीन भरलेल्या आणि एक पाऊणच्या थोडी वर, आणि सोनावणेंच्या पुढ्यात ओळीने मांडल्या. "हा त्यांचा एक गॅलन. आता भागा." सोनावणेंनी भागलं तर अमेरिका आपल्यापेक्षा स्वस्त निघाली. मग सोनावणे म्हणाले की म्हणजे आपल्यालाच लुटतायत. सर म्हणाले, "आधी भांडं विचारलं नाहीत, आता मजुरी विचारत नाही. तिथला माणूस दिवसाच्या कमाईत किती लिटर घेतो आणि आपला किती? आणि बस मिळते का त्याला, की दूध आणायलाही गाडीच काढावी लागते?" सोनावणे तेव्हापासून सरांसमोर कुठल्याही देशाचं नाव घेताना आधी बाटलीकडे बघायचे.

मला स्वतःला हा विषय कळला तो मिठामुळे. सरांचे वडील मिठागरावर होते. ऑफ तासाला मी सहज विचारलं की कुवेतला एवढं स्वस्त आणि आपल्याकडे एवढं महाग, तेल तर तेच ना? सर म्हणाले, "बाई, आमच्या मिठागरावर मीठ कुणी विकत घेतलेलं मी बघितलं नाही. आई पदरात घेऊन यायची. तेच मीठ पनवेलला किलोने, घाटावर आणखी थोडं चढून. गोणी आली, गाडी आली, हमाल आला, दुकानदार आला आणि प्रत्येक नाक्यावर सरकार आलं. कुवेत मिठागरावर राहतं. आपण घाटावर."

"मग नॉर्वे?" मी विचारलं. मला वाटलं पकडलं. तेही मिठागरावरच राहतात आणि तरी त्यांच्याकडे पेट्रोल जगात महागातलं.

सर हसले नाहीत. "ते शहाणे. ते म्हणाले, आपण घरातसुद्धा शहराच्या भावाने मीठ खायचं, आणि मिठाचा पैसा पेटीत टाकायचा. नातवंडांसाठी. आमच्याकडे जमिनी गेल्या, पैसा आला, तेव्हा माझ्या भावाने मोठी गाडी घेतली. तिचं तोंडसुद्धा आमच्या गल्लीत वळत नव्हतं. चार वर्षांत गाडी गेली, पैसा गेला आणि जमीन तर आधीच गेलेली. मी त्याला म्हटलेलं, अरे, पेटी कर. तो म्हणाला, तू मास्तर हायस, मास्तरच राहशील." एवढं बोलून त्यांनी डबा बंद केला. भाऊ अजून त्यांच्याच घरी जेवायचा, हे मला नंतर कळलं.

भूतानचं उदाहरण तर ते दरवर्षी द्यायचे. भूतानला तेल आपल्याकडून जातं, आपल्याच टँकरमधून, लांबचा डोंगर चढून. आणि तरी तिथे ते आपल्यापेक्षा स्वस्त मिळतं असं कित्येकदा झालंय. मुलं चकित व्हायची. सर थांबायचे, एखाद्याने "कर" म्हणेपर्यंत. मग म्हणायचे, "कच्चं तेल सगळ्यांना जवळपास एकाच बाजारभावाने. पुढे डॉलरपुढे तुमचा रुपया किती टिकतो ते बघा, मग अंतर, मग कर, मग सरकारला तुम्हाला खूश ठेवायचंय की तिजोरी भरायचीय ते. बोर्डावर आकडा एक दिसतो, त्यात माणसं खूप असतात." हे वाक्य प्रत्येक बॅचच्या वहीत आहे.

आता सहाआसनीची गोष्ट.

कर्नाळ्याच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी एक कातकरी वाडी आहे. वाडीतल्या शाळेत चौथी, खालच्या गावात सातवी आणि आठवीपासून आमच्याकडे. वाडीतल्या आठ मुली आमच्या शाळेत येत. त्यांना आणायला-सोडायला एकच गाडी, पनवेलच्या बाळाराम भोईरची डिझेलवरची सहाआसनी रिक्षा. सहाआसनीत आठ पोरी आणि आठ दप्तरं कशी मावत ते विचारू नका. बस त्या रस्त्याला जात नाही. म्हणजे बाळारामची रिक्षा बंद तर आठ मुलींचं शिक्षण बंद, इतकं ते सरळ होतं.

त्या वर्षी डिझेल चढत गेलं. पावसाळा संपता संपता बाळारामने भाडं वाढवलं, तेही दणकून. वाडीतले लोक म्हणाले, मुली काढतो. दिवाळीनंतर तशीही सगळी वाडी वीटभट्ट्यांवर जाते, सहा-सात महिन्यांसाठी. शाळेतल्या मुली तेवढ्या म्हाताऱ्या माणसांकडे मागे राहत. भाडं परवडत नसेल तर मागे कशाला ठेवायच्या, भट्टीवर विटा उलटायला हात तरी होतील.

घरत सरांनी हे ऐकलं आणि रविवारी वाडीत बैठक लावली. मुलींची बाब म्हणून मला सोबत नेलं. समाजमंदिराच्या ओट्यावर सरांनी खिशातून चिंचोके काढले, दहा. म्हणाले, "हे तुमचं जुनं भाडं. बाळाराम, यात डिझेलचे किती?" बाळारामने सहा सांगितले. सर म्हणाले, खरं सांग. घासाघीस होऊन चार चिंचोके डिझेलचे ठरले, दोन टायर-दुरुस्तीचे, एक विमा आणि कागदपत्रांचा.

"आनि हे तीन माझं घर," बाळाराम म्हणाला. "त्यात माझी म्हातारी हाय, तिचं औषध हाय. त्याला हात लावायचा नाय."

"नाही लावत. आता डिझेल चढलंय ते पावपट. चार चिंचोक्यांची पावपट किती?"

मागून सुनीता हिलम बोलली. आठवीतली, हाडकुळी, प्रश्न विचारल्याशिवाय कधी न बोलणारी. "एक."

"आणि बाळाराम, तू वाढवलेस किती?"

बाळारामने तीन वाढवले होते. त्याने एक चिंचोका उचलून तोंडात टाकला. लोक हसले. सुनीताची आई सोमीबाई तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "सर, एक चिंचोका तुमाला दिसतो बारका. आमाला रोजचा एक, म्हंजे महिन्याचे पंचवीस."

ठरलं ते असं. भाडं एका चिंचोक्याने वाढेल. पण पुढे पंपावरचा बोर्ड खाली आला तर पुढच्या पहिल्या तारखेला भाडंही खाली आलं पाहिजे. बाळाराम म्हणाला, "चढलेलं भाडं उतरलेलं कुनी बघितलंय काय? मी हो म्हनतो, कारन बोर्ड काय खाली येत नाय." सर म्हणाले, "तू हो म्हणालास ना, पुरे." ओट्याच्या भिंतीवर एक फळी ठोकली, काळा रंग दिला आणि तिच्यावर दर लिहिण्याचं काम सुनीताला दिलं. सर पंपावर वाचणार, वर्गात सांगणार, सुनीता वाडीत लिहिणार.

आणि इथे सरांनी चूक केली. कच्चं तेल बाहेर उतरायला लागलं होतं. सर रोज वर्तमानपत्र बघत आणि खूश होत. आठवड्यामागून आठवडे उतरत गेलं तसा त्यांना धीर राहिला नाही. दिवाळीआधी ते वाडीत गेले आणि सोमीबाईला, सगळ्यांसमोर, म्हणाले, "तो चढलेला एक चिंचोका दिवाळीपर्यंत खाली येतो. माझा शब्द. मुलींना भट्टीवर नेऊ नका."

भूगोलाच्या शिक्षकानेच करावी अशी ही चूक. सगळ्या जगाचं गणित पाठ आणि आपल्या गल्लीतलं विसरले. तेल उतरलं. बोर्ड ढिम्म हलला नाही. कंपन्या म्हणाल्या, महाग असताना आम्ही तोटा सोसला तो भरून काढतोय. कर होता तिथेच होता. दिवाळी आली, गेली. फळ्याच्या कोपऱ्यात रोज तोच आकडा, आणि तो लिहिताना सरांचा हात आता दुखत असावा असं मला वाटायचं. एका सकाळी पटावर हजेरी घेताना तीन मुली नव्हत्या. सोमीबाई सुनीताला घेऊन गेली होती आणि तिच्या मागे आणखी दोन घरं.

त्या दिवशी सरांनी आठवीच्या वर्गात नकाशाकडे पाठ केली आणि मुलांना सांगितलं, "मी तुम्हाला शिकवलं की बोर्डात माणसं खूप असतात. आणि मीच फक्त एका माणसाकडे बघून शब्द दिला. माझी चूक झाली. तिघींचं वर्ष त्यात गेलं तर ते माझ्या नावावर." मी बाहेरून जात होते. तीस वर्षांच्या नोकरीत मी एकाही शिक्षकाला वर्गात असं बोलताना ऐकलेलं नाही, मीही कधी बोललेली नाही.

मुख्याध्यापक म्हणाले, महिनाभर वाट बघू, मग नावं कमी करू. सर म्हणाले, "नावं खोडायची नाय." मुख्याध्यापकांनी ते "नाय" ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

पुढच्या रविवारी आम्ही पेणच्या बाजूला खाडीकाठच्या भट्टीवर गेलो. आम्ही म्हणजे सर आणि मी. एस.टी.ने, मग चालत. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला त्याचा रागच आला, म्हटलं चिखलात कुठे मिरवायला निघालेत. नंतर कळलं, माफी मागायला जाताना माणूस धुतलेले कपडे घालतो. सोमीबाई साच्यात मातीचा गारा भरून विटा पाडत होती. सुनीता आदल्या दिवशीच्या विटा एकेक उलटून ठेवत होती. आम्हाला बघून तिने हात पाठीमागे लपवले.

सर उन्हात उभे राहिले. म्हणाले, "सोमीबाई, मी चुकलो. मी अर्धाच हिशेब केला."

सोमीबाईने हातातला साचा खाली ठेवला नाही. "सर, तुमचा शब्द पंपावर चालत नाय. मग आमच्यावर कशाला चालवता? मी लोकांना सांगितलं, सरांनी सांगितलंय, भाडं कमी होतंय. मी तोंडावर पडली."

"बरोबर आहे तुमचं."

"शब्द नको आता. भाडं कमी करून दाखवा. मग पोरगी घेऊन जा, मी आडवी येनार नाय."

परतीच्या वाटेवर सर मान खाली घालून चालत होते. मला वाटलं खचले. मी समजूत घालावी म्हणून म्हटलं, जाऊ दे सर, तुम्ही तरी काय करणार, तेलाचा भाव का तुमच्या हातात आहे. सर मध्येच थांबले. "नाही ना. तेच. डिझेलचे चार चिंचोके माझ्या हातात नाहीत, दिल्लीच्या आहेत, मुंबईच्या आहेत, परदेशाच्या आहेत. बाकीचे सहा इथेच आहेत. ते आपण मोजलेच कुठे?"

सोमवारी शाळा सुटल्यावर ते बाळारामच्या रिक्षात बसून वाडीपर्यंत गेले आणि परत आले. मंगळवारी सकाळी पुन्हा. आणि त्यांना जे दिसलं ते रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. सकाळी बाळाराम मुलींना आणायला पनवेलहून वाडीला जायचा तो रिकामा. संध्याकाळी सोडून यायचा तो रिकामा. आठ मुली दोन फेऱ्यांचं भाडं देत होत्या आणि गाडी धावत होती चार. टँकर भरून जातो आणि रिकामा येतो, म्हणून लांबच्या गावाला वाहतूक जड पडते, हे सर दहावीला दरवर्षी शिकवायचे. दाराशी तेच चाललं होतं.

वाडीच्या आणि खालच्या गावच्या शाळांत मिळून पाच शिक्षिका होत्या. पाचही जणी कामोठ्याहून आपापल्या स्कूटीवर जायच्या, पाच गाड्या, पाच टाक्या. त्यांची शाळा मुलींच्या आधी भरायची. म्हणजे बाळारामची सकाळची रिकामी फेरी त्यांना अगदी वेळेवर. अडचण संध्याकाळची. त्यांची शाळा आधी सुटायची आणि रिक्षा वर येईपर्यंत त्यांना अर्धा-पाऊण तास थांबावं लागणार होतं. बायका थांबायला तयार नव्हत्या. घरी स्वयंपाक, मुलांच्या शिकवण्या, कारणं खोटी नव्हती.

मी कामोठ्याला राहते. रविवारी सकाळी आठला दारात घरत सर. "बाई, सेक्टर अकरात ही बिल्डिंग कुठली?" त्या रविवारी पाचही जणींनी नाही म्हटलं. पुढच्या रविवारी परत आठला बेल. या खेपेला दोघी हो म्हणाल्या. मी म्हटलं, "सर, दोन झाल्या, आता पुरे करा." म्हणाले, "दोघींनी एक चिंचोका निघतो. मला दोन काढायचेत." तिसऱ्या रविवारी पाऊणशे पायऱ्या चढून एका बाईंच्या घरी गेलो, लिफ्ट बंद होती. त्या बाई दारातच म्हणाल्या, सर, अर्धा तास फुकट जातो हो आमचा. सर धापा टाकत होते. म्हणाले, "मॅडम, तुम्ही थांबलात तर अर्धा तास जातो. नाही थांबलात तर सुनीताचं काय जातं ते मी तुम्हाला भट्टीवर नेऊन दाखवतो. येता?" बाईंनी आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं. त्या दिवशी चौघी झाल्या. पाचवीने स्कूटी सोडली नाही ती शेवटपर्यंत, आणि सरांनी तिला कधी नावं ठेवली नाहीत.

शिक्षिकांचं भाडं आलं, मुलींचं दोन चिंचोक्यांनी उतरलं. वाढलेला एक गेला आणि वर आणखी एक. मग सर दुसऱ्यांदा भट्टीवर गेले. या वेळी बाळारामची सहाआसनी घेऊन, बाळारामला शेजारी बसवून. मी नव्हते, बाळारामने सांगितलं ते सांगते. सोमीबाईने सरांना काही विचारलंच नाही. बाळारामला विचारलं, "खरं?" बाळाराम म्हणाला, "खरं." तिने सुनीताचे हात धुतले, पदराला पुसले आणि तिला रिक्षात बसवलं. बाकीच्या दोघी न बोलावता येऊन बसल्या. इतके आठवडे त्यांच्या नावापुढचे गैरहजेरीचे रकाने मीच भरले होते, आणि त्यांच्या पुढच्या रकान्यात हजर लिहिताना मला रडू आलं, ते मी कुणाला दिसू दिलं नाही.

त्यानंतर सर सव्वा वर्ष नोकरीत होते. बोर्ड जवळपास हललाच नाही. सर रोज लिहीत राहिले. सोमीबाई त्यांना वाटेत भेटली की फक्त मान हलवायची, बोलायची नाही. सर म्हणायचे, तेवढं बास आहे.

सर निवृत्त होणार होते मार्चअखेर. पण परीक्षा तोंडावर आल्या म्हणून निरोपाचा कार्यक्रम महिन्याच्या मधेच उरकला आणि पुढचे दिवस सरांनी शिल्लक रजा टाकली. त्या सकाळी मुख्याध्यापकांनी आपली गाडी गव्हाणला पाठवली होती, सत्कारमूर्ती बसने कसे येणार. गाडी पंपावरून सरळ पुढे निघून आली. त्या दिवशी पहिल्यांदा फळ्याचा कोपरा रिकामा राहिला. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. माझं भाषण लांबलं, असं सगळे म्हणाले. संध्याकाळी मुख्याध्यापक म्हणाले, गाडी तयार आहे. सर म्हणाले, "नको. मी वाडीत जाऊन येतो." मी पण निघाले.

सहाआसनीत मुलींमध्ये कोंबून आम्ही दोघं. सरांच्या मांडीवर नारळ. वाडीत उतरल्यावर सरांनी नेहमीप्रमाणे नोट काढली. बाळारामने सुट्टे परत दिले. सरांनी तळहातावर मोजले. आयुष्यभराची सवय.

"बाळाराम, रुपया जास्त दिलास."

"नाय दिला जास्त. आज डिझेल उतरलंय. सकाली बोर्ड बघितला नाय तुमी?"

निवडणुका जवळ आल्या होत्या, दोरी कुणीतरी सैल सोडली होती. इतके महिने रोज वाट बघितली आणि नेमकं त्या दिवशी ते गाडीत बसून समोरून निघून आले होते.

"किती उतरलं?"

बाळारामने सांगितलं. सरांनी ओठ हलवून गणित केलं. "मग भाड्यात रुपया होत नाही. दहा-वीस पैसे होतात. आणि पहिली तारीख अजून पंधरा दिवस आहे."

"दहा-वीस पैसे कुठून आणू?" बाळाराम म्हणाला. "सर, चढताना आमी नेहमी वरच्या रुपयाला नेतो. आज उतरलं, मी खालच्या रुपयाला आनलं."

"मुलींना?"

"तेंचं सकालीच केलं. तुमचं मागून."

सरांनी रुपया खिशात टाकला, खडूंच्या तुकड्यांत. मग समाजमंदिराच्या ओट्याकडे गेले. सुनीता आमच्याआधी उतरून पळाली होती. नववीत गेल्यापासून तिची उंची वाढली होती, फळीपर्यंत हात पोचायला आता दगड लागत नव्हता. तिने जुना आकडा ओल्या फडक्याने पुसला आणि सकाळी बाळारामकडून ऐकलेला नवा लिहिला, दशांश चिन्हासकट. सोमीबाई भट्टीवरून शिमग्याला दोन दिवसांसाठी आलेली होती, ती ओट्याच्या कडेला बसून बघत होती. म्हणाली, "या सर. बसा."

सर बसले नाहीत. शाल खांद्यावर, नारळ काखेत, असे ते त्या फळीसमोर उभे राहिले आणि त्यांनी बोर्ड वाचला, पंपावर वाचायचे तसा, खालून वर आणि परत वरून खाली. हात सवयीने खिशाकडे गेला, खडू चाचपला, आणि तसाच परत आला. आकडा बरोबर होता.